माकेरेतासमोरची खुर्ची

माकेरेता आमच्या ऑफिसात रुजू झाली त्या दिवशी तिने सगळ्यात आधी माझी छत्री उचलली. विचारलं वगैरे काही नाही, स्वतःचीच असल्यासारखी. मी बघतच राहिले, तर दारातून हसत म्हणते, आपण दोघी तौवू लागतो. झालं, छत्री गेली. आमच्या बेटाचं आणि तिच्या खोऱ्याचं मूळ दैवत एक, म्हणून हे नातं. तौवूने तुमची कुठलीही वस्तू उचलावी, तोंडावर काहीही बोलावं, आणि तुम्ही रागवायचं नाही. रागावलात तर नाक कापलं जातं ते तुमच्याच गावाचं. त्या संध्याकाळी सुवा शहराच्या पावसात मी भिजत बस पकडली.

आमचं काम एकच. विद्यापीठात नवी पोरं येतात, त्यांना अभ्यासाबद्दल आणि पुढच्या नोकरीबद्दल चार शब्द सांगायचे. टेबलं दोन. माझ्यासमोर ऑफिसची लोखंडी खुर्ची. तिच्यासमोर तिने घरून आणलेली वेताची, तिच्यावर तिच्या आईने विणलेली चटई. पोरं त्या खुर्चीत बसली की उठायचं नाव घेत नसत. माझी खुर्ची रिकामीच असायची, इतकी की सफाईवाला तिच्यावर बादली ठेवायचा.

मी काय कमी सांगत होते? वर्गात पुढे बसा, शंका त्याच दिवशी विचारा, लायब्ररीची ओळख परीक्षेआधी करून घ्या. मी प्रथम श्रेणीत पास झालेली बाई. आणि ही? पहिल्याच वर्षी नापास होऊन गावी गेली, वर्षभर मासे विकले, मग परत येऊन शिकली, बँकेत खिडकीवर बसली, आणि तिथून इथे. हे ती लपवत नाही, उलट चवीने सांगते. हॉस्टेलच्या खोलीत गावचे चार जण राहायला आले, त्यांच्यासाठी दालोचे कंद उकडता उकडता परीक्षा उकडली म्हणे. गाववाल्यांना चहा पाजा, पण परीक्षेच्या आठवड्यात खोलीचा पत्ता सांगू नका, हा तिचा सल्ला. पोरं खो खो हसायची आणि पाठ करून जायची. माझं एकही वाक्य कुणी पाठ केलं नाही.

मी जळायचे. आडपडदा कशाला ठेवू? ती माझ्या डब्यातला कसावा खायची तेव्हा नाही, पण ती पोरं तिला 'मावशी' म्हणायची ना, तेव्हा. मला सगळी 'मॅडम' म्हणायची.

मग माझी निएता विद्यापीठात आली. माझी एकुलती एक. तिला मी आधीच बजावलं होतं की सल्ला लागला तर घरात आई आहे. सुट्टीत काम करण्यासाठी एका जहाज कंपनीने विद्यार्थी मागवले होते, जागा एकच, आणि त्यात नीट काम केलं तर शिक्षण संपल्यावर पक्की नोकरी. निएताला ती जागा जिवापाड हवी होती. मुलाखत फोनवर, ऑकलंडहून. मी तयारी करून घेतली. विचारतील तेवढंच बोल, मध्ये तोंड घालू नकोस, स्वतःची टिमकी वाजवू नकोस. आपल्यात शोभत नाही ते.

फोन आला तेव्हा मी तिच्या शेजारीच उभी होते. कंपनीच्या बाईंनी विचारलं, संध्याकाळी काम करायला जमेल का. निएताने भुवया वर केल्या. पलीकडे शांतता. बाईंनी पुन्हा विचारलं. निएताने पुन्हा भुवया उडवल्या, जरा जास्तच वर, आणि मीही कौतुकाने भुवया उडवल्या. आम्ही जन्मभर 'हो' असंच म्हणत आलो, फोनला डोळे नसतात हे दोघींच्या डोक्यातच आलं नाही. मग बाई म्हणाल्या की आवाज नीट येत नाही बहुतेक, शुक्रवारी पुन्हा फोन करते, पण तेवढी एकच संधी.

निएता दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी जेवून ऑफिसात परतले तर दारातच थबकले. वेताच्या खुर्चीत माझी मुलगी बसली होती.

माकेरेता तिला वाट्टेल ते बोलत होती. आईचा तौवू तो लेकीचाही तौवू, तिला कोण अडवणार? म्हणाली, "तुमच्या बेटावरच्यांना बोटीत झोपण्यापलीकडे काही येतं का गं? कंपनी तुला काय शोभेला ठेवणार?"

आणि माझी गप्प निएता, जी माझ्यासमोर मान वर करत नाही, ती फाडकन म्हणाली, "बोटीचं इंजिन येतं मला. मामाचं बंद पडलेलं मी चालू केलंय. आणि मालाचा हिशेब तुमच्या बँकेपेक्षा बरा ठेवते."

"मग हेच शुक्रवारी सांगशील?" माकेरेताने विचारलं. "भुवया कशाला उडवतेस? तोंडाने हो म्हण."

"हो," निएता म्हणाली आणि पोट धरून हसली.

तेव्हा मला कळलं. स्वतःचं कौतुक करायला आमची जीभ उचलत नाही, पण तौवूला उलट उत्तर द्यायला सगळ्यांची उचलते. माकेरेता पोरांना डिवचून डिवचून त्यांच्याकडून त्यांचेच गुण वदवून घेत होती. युक्ती नामी होती. पण मला त्या युक्तीचं काही पडलं नव्हतं. माझी पोर तशी माझ्यापुढे कधी हसली नव्हती. छत्री नेलीस, डबा नेलास, सगळी पोरं नेलीस, आता ही पण? मी आल्या पावली मागे फिरले आणि पाऊस पडत असताना बस थांब्यावर उगाच उभी राहिले.

शुक्रवारी निएता फोनवर घडाघडा बोलली. इंजिनाचं सांगितलं, हिशेबाचं सांगितलं, प्रत्येक 'हो' खणखणीत. जागा तिला मिळाली. फोन ठेवला, माझ्या गळ्यात पडली, आणि लगेच म्हणाली, थांब, माकेरेता मावशीला कळवते.

सोमवारी मी ऑफिसात गेले ती तडक माकेरेताच्या टेबलाशी. ती वेताची खुर्ची चटईसकट उचलली आणि माझ्या टेबलासमोर आणून आपटली. लोखंडी खुर्ची, बादलीसकट, तिच्याकडे ढकलली. म्हटलं, आता रागावून दाखव.

माकेरेता हसली नाही. मी पहिल्यांदाच तिला न हसताना पाहत होते.

"किती वर्षं लावलीस, तितिलिया," ती म्हणाली. "मी तुझं एवढं लुटलं, तू माझी साधी पेन्सिल उचलली नाहीस. घरी बहिणीला म्हणायचे, ही बाई मला तौवू मानतच नाही."

मी खुर्चीवरची चटई सरळ केली. म्हटलं, "मुलगीपण परत घेणार आहे मी. लक्षात ठेव."

तिने भुवया उडवल्या.

"तोंडाने म्हण," मी म्हटलं.

ती बोलणार तेवढ्यात निएता आत आली. सवयीने सरळ वेताच्या खुर्चीत जाऊन बसली आणि मग तिच्या लक्षात आलं की समोर मी आहे. उठली मात्र नाही. चटईवर जरा सावरून बसली.

"आई, कामाच्या पहिल्या दिवशी काय घालून जाऊ?"

"माकेरेताने काय सांगितलं?"

"तिला अजून विचारलं नाही."

"मग विचारू नकोस," मी म्हटलं, आणि खुर्ची तिच्यासकट माझ्याकडे आणखी ओढून घेतली.