न केलेल्या चाचणीखालची सही

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी मला उद्यमनगरातल्या एका कारखान्यात जागा मिळाली. फौंड्रीत ओतकामाचे साचे करायच्या वाळूतला ओलावा मोजणारी एक पेटी आम्ही तिथं बनवली. एरवी लोक वाळू मुठीत दाबून अंदाज घेत. इथं आकडा दिसायचा. सर्किट माझं, बाकी सगळं मालकांचं. काम पूर्ण झाल्याचं त्यांचं पत्र असेल तरच तोंडी परीक्षेला बसता येणार होतं.

मालक ती पेटी जर्मनीतल्या प्रदर्शनात नेणार होते. तिथली इंग्रजी नियमपुस्तिका त्यांनी माझ्यापुढं टाकली. "वाच आन् काय चिकटवायचं ते सांग."

शब्दकोश घेऊन मी ती वाचली. युरोपात विकायच्या अशा यंत्रावर 'सीई' ही अक्षरं लागतात. ती लावायला कुणी साहेब येत नाही. बनवणाऱ्यानंच चाचण्या करायच्या आणि यंत्र सुरक्षित आहे असं सहीनिशी लिहून द्यायचं. आमच्या पेटीची एकही चाचणी झालेली नव्हती. मात्र नमुना नुसता दाखवायचा असेल तर अक्षरांशिवाय चालत होतं. शेजारी ठळक पाटी हवी: हे यंत्र अजून नियमांत बसत नाही, बसेपर्यंत विक्रीला नाही.

मला वाटलं, सुटले.

"म्हंजे सोताच्या मालावर 'खराब हाय' असं लिहून उभा ऱ्हाऊ व्हय?" मालक म्हणाले. "पेढेवाला लिवतो का, पेढा नासका हाय म्हणून?"

"नासका नाही, सर. अजून तपासलेला नाही, एवढंच."

"त्येच की ते! रेडियमवाल्याकडनं दोन अक्षरं कापून आणतो. सही तू कर. सर्किट तुझं हाय नव्हं?"

मला नाही म्हणता आलं नाही. "बघते" म्हणाले. त्यांनी ते होकारात धरलं आणि गावी मुरगूडला आमच्या शेजाऱ्यांकडं फोन करून माझ्या वडलांना, आबांना, बोलावून घेतलं.

आबा इस्त्रीचा सदरा घालून आले. आमच्या घरात आबा आणि आई दोघंही अंगठाच लावत. परदेशी जाणाऱ्या कागदावर लेकीची सही लागते, हे त्यांनी अर्ध्या गल्लीला सांगितलं होतं. येताना मला नवं पेन घेऊन आले होते.

"या पावणं," मालक म्हणाले. "बघा, तुमची लेक जर्मनीला सही धाडतीया."

चहा आला. कागद समोर होता. पेटीवर अक्षरं आधीच चिकटवलेली होती, तीही थोडी तिरकी. मी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"कर की गं," आबा हळूच म्हणाले. "लाजतीस कशाला?"

"आबा, ह्याच्यात मी लिहून देतीया की ही पेटी तपासलीय. तपासलेलीच न्हाय. कुणाला करंट बसला तर?"

आबांनी मालकांकडं बघितलं. मालक हसले. "कॉलेजात शिकल्यावर असं व्हतंय बघा. पोरगी वकील झाली."

"मोठी माणसं सांगत्यात तर काय इचार करूनच सांगत असतील," आबा मला म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

मी पेन टेबलावर ठेवलं. "पाटी मी चांगली लिहून देते, सर," एवढंच बोलले.

मालकांचं हसू गेलं. त्यांनी नखानं ती अक्षरं खरवडून काढली. "लिही पाटी. पण तुझं पत्र पेटी जर्मनीस्नं परत आल्यावर. तोवर काम पुरं झालं असं मी तरी कसं लिहून देऊ? तपासलेलं न्हाय म्हणतीस नव्हं?"

परीक्षा त्याच्या आधी होती. त्यांनाही ते माहीत होतं.

स्टँडवर आबा माझ्यापुढं चालत होते. गाडीत बसल्यावर म्हणाले, "जर्मनीत कोण हाय आपलं?"

"कुणी न्हाय."

"मग?"

प्रदर्शनात मांडलेली पेटी आणि तिला हात लावणारा कुणीतरी माणूस मला दिसत होता.

माझे कपडे, पुस्तकं, सगळं होस्टेलवर होतं. मी त्यांना स्टँडवर सोडायला आले होते, आणि गाडी सुटेपर्यंत शेजारी बसणार होते. कंडक्टर आला. आबांनी माझ्याकडं न बघता पैसे पुढं केले.

"दोन मुरगूड," ते म्हणाले.