पाटे बदलल्यावर

लिहायचा मला काही अधिकार आहे असं वाटत नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरात उत्तरपत्रिका सोडून कुणी पानभर काही लिहिलेलं नाही, आणि उत्तरपत्रिका लिहिणारा तरी मीच पहिला. त्यातून विषय आहे आमच्या जुन्या पिकअपच्या पाट्यांचा. मागच्या चाकांच्या वर, एकावर एक रचलेल्या, धनुष्यासारख्या वाकलेल्या लोखंडी पट्ट्या असतात, त्यांना आम्ही पाटे म्हणतो. कुणी आवर्जून वाचावं असं यात काही नाही. पण गेल्या वर्षभरात मी दुसऱ्या कशाचा इतका विचार केलेला नाही.

आमचं गाव हट्ट्याजवळ. बा गाडीतून हळदीची पोती वसमतला नेतो आणि बाजाराच्या दिवशी बकऱ्या. पोत्यांच्या वजनानं गाडी बसू नये म्हणून त्यानं दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घालून घेतला होता. भरलेली गाडी नीट चालायची. रिकामी असली की मात्र प्रत्येक खड्ड्याला माणूस सीटवरून उडायचा.

ताईच्या पहिल्या खेपेला, आठव्या महिन्यात, तिच्या पोटात दुखू लागलं. अँब्युलन्सला फोन लागेना, तेव्हा बानं तिला याच गाडीत घातलं. रस्ता उखडलेला होता. वसमतच्या दवाखान्यात पोचेपर्यंत लेकरू गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, धक्क्यांमुळंच झालं असं सांगता येत नाही. बानं त्यातलं धक्के एवढंच ऐकलं.

या वर्षी ताई पुन्हा माहेरी आली ती सातव्या महिन्यात. आल्या दिवशीच तिनं सांगून टाकलं, "मी ह्या गाडीत बसनार न्हाई. येळ आली तर चालत जाईन." ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती भाजी निवडत बोलली.

म्हणून पाटे बदलायचं मी मनावर घेतलं. जादा पाटा नुसता काढून भागणार नव्हतं, कारण खालचे सगळे दबून सपाट झाले होते. त्याच कंपनीच्या हलक्या गाडीचे, कमान शाबूत असलेले पाटे हवे होते. तसा जोड आखाडा बाळापूरच्या एका भंगारवाल्याकडं असल्याचं कळलं.

इथं आमच्या भागातल्या गाडीवाल्यांची एक रीत सांगायला हवी. जुनं सामान घेताना आधी विचारायचं, ज्या गाडीचं हे सामान, तिच्यात कुणी गेलं होतं का. गेलं असेल तर भाव करायचा नाही, नमस्कार करून परत यायचं. बानं मला निघताना दोनदा बजावलं होतं.

भंगारवाले चाचा वयस्कर होते. मी पाटे उलटेपालटे करून पाहत असताना ते हसून म्हणाले, "सब आके पहले वोच पूछते. मरा क्या, मरा क्या. तुम तो कालेज के, तुम थोडी पूछोगे."

आणि मी विचारलं नाही. विचारायचं होतं. तोंडाशी आलेला प्रश्न मी गिळला, कारण मला शिकलेला दिसायचं होतं.

रविवारी सकाळी आम्ही गाडी लिंबाखाली घेतली. नटांवर आदल्या दिवशी डिझेल सोडून ठेवलं होतं, तरी पान्याला पाइप लावून दोघांना लोंबकळावं लागलं. जॅकवर भरवसा नको म्हणून खाली बाभळीचे ओंडके लावले. जुने पाटे निघाले. नवे बसवण्याआधी मध्ये ग्रीस भरावं म्हणून बानं त्यांचा मधला बोल्ट काढला आणि पट्ट्या एकेक करून उलगडल्या.

दोन पट्ट्यांच्या मध्ये राखाडी गाळ होता. पिठासारखा बारीक. त्यात नखाएवढा एक शिंपला.

बानं तो अंगठ्यावर घेतला. "इचारलंस ना?"

"इचारलं."

"काय म्हनला?"

"मालकानं नवी गाडी घेतली म्हून ही मोडीत काढली, म्हनला."

बानं शिंपला फेकला नाही. खिशात टाकला आणि ग्रीसचा डबा माझ्याकडं सरकवला.

दुपारी आम्ही ताईला समजावून गाडीत बसवलं आणि शेतांमधल्या पांदीच्या रस्त्यानं एक फेरी मारली. बाहेर पाहिल्याशिवाय गाडी चालते आहे हे कळत नव्हतं. खड्डे दिसत होते, पण लागत नव्हते. बरंच अंतर गेल्यावर ताई म्हणाली, "पान्यावर तरंगल्यावानी वाटतंय."

"मग बसशील ना?" बानं विचारलं.

तिनं होकाराची मान हलवली. त्या दिवशी बा दोन भाकरी जास्त जेवला.

नंतर काय काय झालं ते मी जसं दिसलं तसं सांगतो. अर्थ मला लावता येत नाही.

गाडीचा आवाज गेला. आधी ती ओढ्यापलीकडं असतानाच कुरकुर ऐकू यायची आणि माय तव्याखाली जाळ घालायची. आता बा एकदम दारात उभा दिसायचा.

"अवो, खाकरत तरी या," माय म्हणायची. "भुतावानी येऊन राहिले."

"मला काहून बोलतीस? गाडीला सांग."

मग एका संध्याकाळी मायनं नेहमीसारखा तवा ठेवला. भाकरी थापून झाली, गाडी आलेली नव्हती. तिला कुरकुर ऐकू आली होती, अगदी ओढ्याच्या अंगानं. बा तासाभरानं आला, बिनआवाजाचा. हे आणखी दोनदा झालं. तिसऱ्या वेळी कुरकुर मीही ऐकली.

आधी बकऱ्या फळीवरून आपोआप गाडीत चढायच्या. आता म्होरकी बकरी पुढचे दोन पाय फळीवर ठेवायची, आत बघायची आणि मागं सरायची. एकेकीला उचलून टाकावं लागे.

आणि रिकामी गाडी डावीकडं कलायची. सकाळी दोन्ही बाजू बराबर असायच्या, मी वितीनं मोजत होतो. संध्याकाळी डावी बाजू चार बोटं खाली, मागं त्या कोपऱ्यात कुणी टेकून बसल्यासारखी. मी विज्ञान शाखेचा आहे. पाट्यांच्या टोकांचे रबरी बुश पाहिले, नट पुन्हा आवळले, जमीन सपाट आहे का ते पाहिलं. मला कारण सापडलं नाही. असेलही.

ताईला नववा लागला तेव्हा माझ्यानं राहवेना. मी पुन्हा बाळापूरला गेलो आणि या वेळी विचारलं.

चाचांनी आधी मला पाणी दिलं. पाटे ज्या गाडीचे, ती लिलावातली होती. सिद्धेश्वर धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं तेव्हा गाळात उभी दिसली. "शीशे बंद, चाबी लगी हुई, गाडी गियर में. अंदर कोई नै."

"म्हणजे कुणी मेलं नाही?"

"वो कौन बोलेगा, बेटा? मिलाच नै कोई. मालिक भी आया नै."

दोन्हीपैकी एक उत्तर मिळेल अशा तयारीनं मी गेलो होतो. हे तिसरं घेऊन एसटीत बसलो. घरी कुणाला सांगितलं नाही. जुने पाटे तर लोहारानं केव्हाच विळे करायला नेले होते, परत बसवायलाही काही नव्हतं.

पाचव्या दिवशी उजाडता उजाडता ताईला कळा सुरू झाल्या. अँब्युलन्स दुसऱ्या गावी गेली होती. यायला वेळ लागेल, म्हणाले. बा गाडीची काच पुसत होता. मी त्याच्या बाजूला जाऊन सगळं सांगितलं. विचारलं नव्हतं हेही, आणि धरणाचंही.

बा पुसायचा थांबला नाही. "म्हाईत हाय. शिंपला निघाला तवाच कळलं, तू इचारलं न्हाईस."

"मग बसवलेस काहून?"

"जुन्या पाट्यांवर एक लेकरू गेलं, ते मला म्हाईत व्हतं. ह्यांच्यावर कोन गेलं ते म्हाईत न्हाई. म्हून म्या हे घेतले." मग फडका माझ्या हातात देत म्हणाला, "आता तिच्याम्होरं तोंड नीट ठेव."

पुढं तिघांचीच जागा. बा, मध्ये ताई, खिडकीशी माय. ताईनं चढताना मागच्या रिकाम्या हौद्याकडं एकदा पाहिलं. गाडी निघाली ती आवाज न करता, आणि वळणावर दिसेनाशी होताना डावीकडं कललेली होती.

मी बकऱ्यांना पाला टाकला. फोन हातातच होता. बाला लावला, उचलला नाही. मायकडं फोन नसतो. वसमतला पोचायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ गेला. ऊन लिंबाच्या बुडापर्यंत आलं. तेव्हा ओढ्याकडून कुरकुर ऐकू आली. ओळखीची, जुन्या पाट्यांची, रिकाम्या गाडीची. बकऱ्यांनी चघळायचं थांबवून तिकडं कान केले. मी रस्त्यावर धावत गेलो. आवाज जवळ आला, माझ्या समोरून गेल्यासारखा झाला आणि गावाच्या बाजूला बारीक होत गेला. रस्त्यावर धूळसुद्धा उडाली नव्हती.

मी तिथंच खाली बसलो. पहिल्या खेपेला बा रिकामी गाडी घेऊन परत आला होता, तो आवाज मला पाठ होता. दुसरं काही मनात येईना.

तेव्हा फोन वाजला. पलीकडं बा होता, मागं रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज होते. दवाखान्यातून बोलतोय असं वाटत नव्हतं.

"पोरगी झाली," तो म्हणाला. "दवाखाना गाठलाच न्हाई. गाडीतच झाली. दोघी बऱ्या हायेत, पोरगी लई रडून राहिली."