केस नंबर सात

लिंबू पिळलेल्या पोह्यांचा वास आला की मी आजही तिथून उठून जाते. ऐंशी सालाच्या सुमारास मी पौडला एका संस्थेच्या केंद्रात मनाच्या दुखण्यांवर उपचार करायचे. जवळच्या माले गावची एक बाई दर गुरुवारी यायची. सासरा अंगचटीला येतो, हे तिनं सहा महिन्यांनी, भिंतीकडं तोंड करून सांगितलं आणि संस्थेच्या नियमाप्रमाणे मी ते फायलीत लिहिलं. मग एकदा पुण्याहून देणगीदार आले. नुकत्याच सारवलेल्या पडवीत सतरंज्या घातल्या, उपचाराला येणाऱ्या बायकांनाच पोहे करायला लावले आणि संचालकांनी घास चावत चावत माझी फाईल मोठ्यानं वाचली. "नावं आम्ही गुप्त ठेवतो हं," ओठावरचं खोबरं पुसत ते म्हणाले, "केस नंबर सात. गाव माले, घर गिरणीमागं, नवरा मिलिटरीत, आणि सासरा हा असा!" सगळ्या बायकांनी वळून तिच्याकडं पाहिलं. ती पोहे वाढत होती. पाहुणे हळहळले आणि त्यांनी आणखी लिंबू मागितलं. महिनाभरात मी संस्था सोडली, पिरंगुटला खोली घेऊन स्वतःचं काम सुरू केलं आणि मुद्दाम माल्याला जाऊन तिला सांगितलं, की आता साहेब नाहीत, फाईलही नाही. ती दारातूनच म्हणाली, "सायबानं नुसतं वाचलं, बाई. लिवलं तुमी." संस्था सोडायला केवढं धाडस लागलं असेल, असं लोक अजून म्हणतात. त्या दिवशी बशीतले पोहे मी संपवले होते, हे मी त्यांना सांगत नाही.