मिश्रीची डबी

राहुरीजवळच्या आमच्या घरी दुपारची भांडी झाली की सासूबाई ओट्यावर बसून पितळी डबी उघडायच्या आणि माझ्या धाकट्या जावेला हाक मारायच्या. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री बोटाने हिरड्यांना चोळत, थुंकत, हसत दोघी तासभर बसायच्या. मी भिंगारची, शिकलेली. मला ती सवय नव्हती. उलट लग्न झाल्यापासून मीच सासूबाईंना विनवायचे, "आत्याबाई, सोडा हो हे, दात जातील." त्या हसण्यावारी न्यायच्या. त्याचं मला एवढं काही वाटत नसे. पण धाकटी मागाहून आली आणि पहिल्याच आठवड्यात त्या डबीत तिचं बोट गेलं, याने माझा जळफळाट व्हायचा. मी आत मुद्दाम भांडी आपटायचे. बाहेरचं हसू काही थांबायचं नाही.

नव्वदीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात धाकटीची हिरडी सुजली. पू यायला लागला, तोंड उघडवेना. गोळ्या तिच्या पोटाला झेपायच्या नाहीत. मीच तिला एसटीने भिंगारच्या दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पू काढला, दात आणि हिरडी यांच्यामधली खाच साफ केली आणि बोथट सुईने अँटिबायोटिकचं मलम थेट त्या खाचेत भरलं. "हे दुखतंय तिथेच राहून काम करतं. त्याला बोट लावायचं नाही. मिश्री तर अजिबात नाही," असं त्यांनी बजावलं.

घरी येईपर्यंत ठणका वाढला. तिचा सुजलेला गाल बघून सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाणी तापवायला आत गेले, तेवढ्यात त्यांनी डबी उघडली.

"घे गं माजी बाय, चिमूटभर लावते. ठणका लगीच थांबंल."

मी बाहेर आले तर मलम मिश्रीबरोबर थुंकलं गेलेलं. खरं सांगते, औषध वाया गेल्याचं माझ्या नंतर लक्षात आलं. आधी दिसलं ते तिच्या तोंडातलं त्यांचं बोट. माझा दात दुखला होता तेव्हा मला लवंग मिळाली होती, तीही "डब्यात बघ" म्हणून.

दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंगार. या वेळी सासूबाईही आल्या. डॉक्टर चिडले. नव्याने मलम भरता भरता म्हणाले, "मिश्री सुटली नाही तर दात जाईल." हेच मी इतकी वर्षं घसा कोरडा करून सांगत होते!

घरात पाऊल टाकताच त्यांनी कमरेची डबी काढली. "आजपासनं मिश्री बंद. माजी बी. हिच्यासमोर मी लावली तर हिला कसं ऱ्हावंल?"

धाकटी रडायला लागली. त्यांनी तिला जवळ घेतलं. मी दारातच उभी होते. माझ्या विनवण्यांनी जे झालं नाही, ते तिच्या एका हिरडीने झालं. मग त्यांनी माझ्याकडे बघून हात पुढे केला.

"तू धर ही. लांब नेऊन टाक. तुला न्हाई मोह व्हायचा."

डबी त्यांच्या कमरेच्या उबेने कोमट होती. त्या घरात ती पहिल्यांदाच माझ्या हातात आली, आणि तीही टाकायला.