चिठ्ठीवरची तिसरी ओळ

जी चिठ्ठी कुणी वाचण्याची शक्यता नाही, ती इतक्या सुवाच्य अक्षरात का लिहावी? चिठ्ठीबाईंना ओळखणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न कधी ना कधी स्वतःला विचारला आहे. हे टिपण लिहिताना तो पुन्हा विचारूनही उत्तर हाती लागलेले नाही.

एवढे मात्र खात्रीने सांगता येते, की बाईंच्या हाताखालून गेलेले एकही यंत्र चिठ्ठीवाचून बंद झाले नाही. बोटभर कागद, वर तारीख, खाली दोन ओळी: दोष काय आणि कारण काय. झाकण लावण्यापूर्वी तो आतल्या बाजूला चिकटवायचा. कारण लिहिताना बाई कुणाची भीडभाड ठेवत नसत. ‘कारण: झुरळ.’ ‘कारण: मालकाचा उतावळेपणा.’ त्यांच्या नणंदेच्या रेडिओत ‘कारण: पाहुण्यांपुढे मिरवण्याची हौस’ अशी नोंद आहे. रेडिओ पुन्हा बिघडला नाही, म्हणून नणंद-भावजयीचे अजून गूळपीठ आहे.

एका तंत्रविद्यालयाच्या उपकरण-दुरुस्ती विभागात एकतीस वर्षे काढून बाई निवृत्त झाल्या आणि स्वयंपाकघरामागच्या खोलीत त्यांनी स्वतःचे मेज मांडले. मेजावर तळहाताएवढी एक काळी डबी असे. लॅपटॉपला जोडली की विजेची धडधड पडद्यावर लाटेसारखी दाखवणारा हा यूएसबी ऑसिलोस्कोप म्हणजे बाईंचा तिसरा डोळा. त्याच्या चिमटीला एकच पथ्य होते: यंत्राचा जो भाग थेट घरच्या विजेवर असेल, त्याला ती लावायची नाही, नाहीतर डबी जळते. लावणे भागच असेल तर त्या यंत्राला वीज द्यायची ती अलग करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून. तो पाच किलोचा धोंडा मेजाखाली कायमचा बसलेला असे.

२०१७च्या फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी बाईंनी शेजारणीच्या शिवणयंत्राचे पोट उघडले, नेहमीप्रमाणे न वाकता मेजाखालच्या सॉकेटमध्ये प्लग खोचला आणि चिमटी लावली. फट्! डबीतून धुराची बारीक रेघ निघाली आणि लॅपटॉपच्या पडद्यावरची लाट जागच्या जागी गारठली.

बाईंनी मेजाखाली डोके घातले. ट्रान्सफॉर्मर नव्हता. त्याच्या जागी साधी प्लगपट्टी होती.

“अहो!”

निवृत्त इतिहासशिक्षक असलेले यजमान हल्ली जुन्या वह्यांची बांधणी करण्याच्या नादी लागले होते. खळ हाताला लागलेली तशीच घेऊन ते दारात आले.

“माझा ट्रान्सफॉर्मर?”

“तो होय? वह्यांवर ठेवलाय. वजन म्हणून काय झकास आहे गं! काल तू झोपली होतीस, म्हटलं कशाला उठवा. तुझी अडचण नको म्हणून पट्टी लावून ठेवली.” मग वास त्यांच्या नाकापर्यंत पोचला. “मेलो. लिही बाई, चिठ्ठीत माझं नाव लिही. ‘कारण: नवरा.’ सही करतो खाली.”

“हलवला तुम्ही. पण बघायचं काम माझं होतं.”

हे वाक्य तोंडून गेले आणि बाईंना आठवले. हेच वाक्य, ‘माझं’च्या जागी ‘तुझं’ घालून, त्या एकोणीस वर्षांपूर्वी एकदा बोलल्या होत्या.

तेव्हा विभागात नव्याने आलेल्या एका तंत्रज्ञाने असाच मोठा ऑसिलोस्कोप जाळला होता. “बाई, ट्रान्सफॉर्मर कुणीतरी हलवला होता,” असे तो परोपरीने सांगत होता. बाईंनी ऐकून घेतले नाही. चिठ्ठीत लिहिले: ‘कारण: तंत्रज्ञाचा निष्काळजीपणा.’ ती चिठ्ठी विभागभर फिरली आणि पोराचे नाव पडले धूरकर. पुढे त्याने नोकरी सोडून मागच्या गल्लीत सुट्या भागांचे दुकान काढले आणि पाटीवरही बिनदिक्कत ‘धूरकर’ असेच रंगवले. ती पाटी दिसली की बाई रस्ता ओलांडत.

“नवी डबी मागवू या,” यजमान म्हणाले. “कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“मला कळेल.”

डबी उघडल्यावर दिसले, की नुकसान आवाजाच्या मानाने थोडे होते. तांब्याची एक वाट जळून गेली होती आणि लॅपटॉपशी बोलणारी चिप मेली होती. वाट तारेच्या तुकड्याने जोडता आली असती. चिप मात्र गावात एकाच दुकानात मिळण्यासारखी होती.

बाईंनी या खेपेला रस्ता ओलांडला नाही.

“या या, बाई! आज सूर्य कुठे उगवला?” धूरकरने डबी हातात घेतली, नाकाशी नेली आणि त्याचा चेहरा उजळला. “हा वास मी झोपेतसुद्धा ओळखेन. कुणी केलं हे?”

दुकानात दोन गिऱ्हाइके उभी होती. ‘यजमानांनी’ हा शब्द बाईंच्या जिभेवर येऊन गेला.

“मी केलं,” त्या म्हणाल्या. “ट्रान्सफॉर्मर जागेवर नव्हता. आणि तुझ्या वेळी तूही हेच सांगत होतास. मी ऐकायला हवं होतं.”

धूरकरने डबी गल्ल्यावर ठेवली. मग इतका मोकळा हसला, की गिऱ्हाइकेही कारण न कळता हसली.

“एकोणीस वर्षं एकटाच होतो बाई या पंक्तीत. आज जोडीदार मिळाला! बसा, चहा सांगतो.”

चहा पिता पिता बाईंनी वह्यांची हकीकत सांगितली आणि चिप त्याने स्वतः बसवली. बाईंनी भिंगातून पाहून दोन ठिकाणी नाक मुरडले. लाट पुन्हा पडद्यावर धावू लागली. झाकण लावायची वेळ आली, तेव्हा बाईंनी पर्समधून कागद काढला आणि लिहिले: ‘कारण: तंत्रज्ञाचा निष्काळजीपणा.’

“खोडा ते,” धूरकर म्हणाला.

“तुला लावला तोच न्याय मला.”

“तेव्हाही तो बरोबर नव्हता. आणि खरं सांगू? हे वाचून पुढच्याला काय कळणार? शिवी तेवढी कळणार.”

बाईंनी चिठ्ठी पुन्हा वाचली. मग त्यांनी ओळ खोडली. ‘कारण: ट्रान्सफॉर्मर हलवला होता, पाहिले नाही,’ असे लिहून आयुष्यात प्रथमच खाली तिसरी ओळ घातली: ‘आता काय करावे: ट्रान्सफॉर्मर मेजाला बोल्टने बांधावा.’

“आणि साहेबांच्या वह्यांचं?”

“त्यांना वीट देऊ.”

तसा बोल्ट त्याच संध्याकाळी बसला, विटेला यजमानांनी कापडी अभ्रा शिवून घेतला, आणि तेव्हापासून बाईंच्या प्रत्येक चिठ्ठीवर तीन ओळी असतात.

डबी पुढे २०२३च्या एप्रिलपर्यंत चालली. ती शेवटी उघडली धूरकरने, म्हणून तिच्यातली शेवटची चिठ्ठी त्याच्या अक्षरात आहे. दोष: पूर्ण बंद. कारण: वय. आता काय करावे: नवी आणली आहे.