भिंतीला पालथा हात

कुणाच्याही घरात शिरले की काका आधी भिंतीला पालथा हात लावायचे, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. मग चहा. इथे आखातात, अल् खुवैरच्या आमच्या घरी एसी दुरुस्त करायला प्रथम आले तेव्हा बायको दचकलीच. तिला वाटलं, भिंतीत करंट उतरलाय. असली माणसं तुम्हीही पाहिली असतील, काम झाल्यावरही ते घर त्यांच्या मनातून जात नाही.

काका मालवणकडचे, एसी मेकॅनिक. मी मराठी मंडळाचा सेक्रेटरी. मंडळाकडे गरजूंसाठी मदतनिधी होता आणि काकांना तो दीड तासावरच्या निझवा शहरातल्या एका शिंप्याच्या खोलीसाठी हवा होता.

"सायबानू, एकदा हात लावन बघा," म्हणत एप्रिलमध्ये ते मला तिथे घेऊन गेले. गच्चीवरची पत्र्याची खोली. मी भिंतीला हात लावला आणि झटकन काढला. शिंप्याची बायको पाच महिन्यांच्या बाळाला ओल्या फडक्याने पुसत होती. बाळाची मान घामोळ्यांनी लाल झाली होती. एसी घरघरत होता आणि विजेचं बिल शिंप्याला झेपत नव्हतं. मे लागायच्या आत खोली गार झाली नाही तर तो दोघांना गावी पाठवणार होता.

कुरुमला मंडळाची मीटिंग होती, तिला काका स्वतः आले.

"एक महिन्याचं बिल भरून टाकू," खजिनदार म्हणाले. "फोटो पण निघेल."

"बिल भरून काय उपयोग? गारवो सगळो भायर जाता," काका उभेच होते. "पत्र्याखाली थर्माकोलाची शीट मारूची, दाराक रबर लावचा. मजुरी माझी. सामान तेवढा द्या."

आमचा रिवाज असा, की महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम पार पडेपर्यंत कुठल्याही निधीला हात लावायचा नाही. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "कार्यक्रम झाला की करू, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला देवाचा, सायबानू. तारीख तुमची. ती सांगा."

एक मेच्या कार्यक्रमाचे हिशेब मिटायला दोन आठवडे धरून मी वहीत पंधरा मे लिहिलं. रिवाज मोडायची हिंमत झाली नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

पंधराला सामान पोचलं. काकांनी दोन दिवसांत काम उरकलं आणि मला बोलावून घेतलं. शिंपी दारात एकटाच उभा होता. बायको आणि बाळ आठवड्यापूर्वीच गावी गेली होती. दोरीवर एक झबलं राहिलं होतं.

काका कायमचे गावी गेले त्यालाही आता दोन वर्षं झाली. डोळ्यांपुढे येतात ते त्या खोलीतलेच. त्या दिवशी त्यांनी माझा हात धरला, पालथा केला आणि भिंतीला टेकवला. भिंत गार होती.