कीबोर्डच्या खाली

वसाहतीत त्यांना तोंडावर सगळे काका म्हणत आणि पाठीमागे जंतुनाशक. हे दुसरं नाव काकांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कुणाच्या घरचा कॉम्प्युटर कुरकुरायला लागला की काकांना फोन जायचा. काका पाठीला बॅग अडकवून यायचे, खुर्ची पुढे ओढायचे आणि विचारायचे, "काय काय दाबलंत?" उत्तर ठरलेलं असायचं. "काहीच नाही हो, आपोआप झालं."

आपोआप झालेल्या गोष्टी निस्तरण्यात त्यांचा जन्म गेला. ब्राउझर उघडावा तर वर पट्ट्यांवर पट्ट्या चढलेल्या, आणि खाली पान दिसायला जेमतेम चार बोटं जागा. नाहीतर 'तुमच्या कॉम्प्युटरला धोका आहे' म्हणून लाल अक्षरांत ओरडणारी खिडकी, तिला घाबरून दाबलेलं बटण आणि त्या बटणावाटे घरात शिरलेला खरा धोका. काका हा सगळा गाळ उपसून काढत. मग एक चांगला फुकटचा ब्राउझर घालत, जाहिराती अडवायची सोय करत, पत्रं-हिशेब लिहायला फुकटचं सॉफ्टवेअर देत. "फुकट आहे म्हणजे काहीतरी गोम असणार," असं प्रत्येक घरात कुणीतरी म्हणणारच. लाल खिडकीला बळी पडलेली माणसं नेमकी इथे सावध होत. काका चिडत नसत. हे चार ठिकाणच्या माणसांनी मिळून केलंय, आत काय आहे ते कुणालाही उघडून बघता येतं, आणि जिथे दारं उघडी असतात तिथे लबाडी लपवणं अवघड जातं, असं ते शांतपणे सांगत. लोक मान डोलवत आणि पुढच्या महिन्यात पुन्हा लाल बटण दाबत.

सगळं झालं की शेवटचं एक काम असे. काका कीबोर्ड उचलून उलटा करत आणि पाठीवर दोन थापा मारत. बिस्किटांचा चुरा पडे, केस पडत, एखादी टाचणी पडे, आणि खालच्या बाजूला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी दिसे. ही जागा जगात फक्त आपल्यालाच सुचली असं प्रत्येकाला वाटायचं. काका ती चिठ्ठी नखाने खरवडून काढत, न वाचता तिचे तुकडे करत आणि केराच्या डब्यात टाकत. "आता नवा पासवर्ड ठेवा. एक शब्द नको, अख्खं वाक्य ठेवा. आणि मला सांगू नका."

न वाचण्यामागे कारण होतं. धंद्याच्या सुरुवातीला एका गिऱ्हाइकाची मेल कुणीतरी उघडून वाचली. ते घरातलंच माणूस होतं हे पुढे कळलं, पण तोवर आळ काकांवर येऊन गेला होता, कारण पासवर्ड त्यांनी पाहिलेला होता. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. दुसऱ्याची चिठ्ठी दिसली की त्यांची नजर आपोआप बाजूला वळे आणि बोटं कामाला लागत. या एका गोष्टीमुळे लोक त्यांच्या हाती घराच्या किल्ल्या सोपवून गावाला जात. काकांना आयुष्यात मिरवावं असं फारसं काही नव्हतं, हे मात्र होतं.

घरी काकू होत्या. काकू अंध वाचकांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत. आतल्या खोलीत टेबलावर त्यांचा जुना कॉम्प्युटर, त्यावर काकांनीच घालून दिलेलं आवाज रेकॉर्ड करायचं फुकटचं सॉफ्टवेअर, आणि खिडकीला आवाज अडवायला लावलेली जाड गोधडी. काकू तिथे बसून रेल्वेच्या इंजिनाच्या इतिहासापासून पोटाच्या विकारांपर्यंत वाट्टेल ते वाचत. जेवताना नवऱ्याची फिरकी घेत. "अहो, तुम्ही लोकांचे पासवर्ड वाचत नाही, पेपर वाचत नाही, मी फ्रिजवर लावलेले कागद वाचत नाही. एखाद दिवशी माझं काहीतरी वाचा की!" काका म्हणत, "तू वाचतेस तेवढं पुरे आहे घरात."

त्या कॉम्प्युटरवर काकांनी काकूंसाठी एक पेटीही करून दिली होती. पेटी म्हणजे कुलूपबंद फोल्डर. पासवर्ड दिल्याशिवाय आतलं अक्षरही कळत नाही.

"अख्खं वाक्य ठेव," काका म्हणाले होते. "आणि मलासुद्धा सांगू नकोस."

"आणि मी विसरले तर?"

"मग ती कुणाच्या बापाला उघडायची नाही," काका अभिमानाने म्हणाले.

पुढे काकू आजारी पडल्या. शेवटच्या दिवसांत दम टिकेल तेवढा वेळ त्या आतल्या खोलीचं दार लावून बसत. ग्रंथालयाचं काम तर केव्हाच थांबलं होतं. काय बोलतेस आत, असं काकांनी विचारलं नाही. दुसऱ्याच्या गोष्टीत डोकवायचं नाही ही सवय इतकी मुरलेली, की बायकोच्या बंद दाराबाहेरूनही ते पाय न वाजवता जात.

मग काकू गेल्या. लेक दूरच्या देशातून आली, राहिली, नोकरीवर परत गेली. घरातली वर्दळ संपली. काका रडले नाहीत. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हतं. आत काही हलतच नव्हतं. पाय झोपला की त्यावर हात ठेवला तरी तो दुसऱ्या कुणाचा वाटतो, तसं त्यांचं सगळंच झालं होतं.

लेक गेली त्या सकाळी ते आतल्या खोलीत गेले. गोधडी तशीच होती. काकूंचा कॉम्प्युटर लावला आणि दुसरं काय करायचं ते न सुचल्यामुळे प्रत्येक घरात करत ते केलं. ब्राउझरची नवी आवृत्ती घातली, साठलेला कचरा साफ केला, जाहिराती अडवल्या जातायत ना ते पाहिलं. शेवटी कीबोर्ड उलटा केला, दोन थापा मारल्या. खाली कागद चिकटवलेला होता. नजर बाजूला गेली, नखाने कडा उचलली. कागद घडी घातलेला होता, फाडायला जरा जोर लागला, तेवढं त्यांच्या लक्षात राहिलं. तुकडे डब्यात गेले, डबा थोड्या वेळाने कचऱ्याच्या गाडीत रिकामा झाला. स्वच्छ झाला कॉम्प्युटर, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. "बाबा, सांगायचं राहूनच गेलं. आईने आपल्या दोघांसाठी काहीतरी बोलून ठेवलंय. पेटीत आहे म्हणाली होती. उघडून मला पाठवाल?"

काका फोन धरून उभे राहिले. आपण काय केलं ते त्यांना लगेच कळलं, पण कळून काही झालं नाही. छातीत धस्स होईल अशी त्यांनी वाट पाहिली, ते झालंच नाही. "बघतो," ते म्हणाले.

त्यानंतर रोज सकाळी ते पेटीसमोर बसू लागले. ती उघडायला दुसरी वाट नव्हती, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? वाक्य हवं होतं. काकू काय काय म्हणायच्या ते ते एकेक करून आठवत आणि टाइप करत. चहा टाकलाय या. चष्मा कपाळावर आहे तुमच्या. दार नीट लावा. अहो ऐकलंत का. पेटी प्रत्येक वेळी तेच सांगे: पासवर्ड चुकीचा आहे. काका पुढचं वाक्य टाइप करत. इतकी वर्षं बरोबर राहून बायकोची वाक्यं किती थोडी आठवतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्याचंही त्यांना काही वाटलं नाही. ग्रंथालयाच्या रेकॉर्डिंगमध्ये तिचा आवाज होता, हवा तेवढा होता. एक दिवस त्यांनी लावला. काकू वाफेच्या दाबाबद्दल बोलत होत्या. काकांनी प्रकरण संपेपर्यंत ऐकलं आणि बंद केलं.

लेकीचा फोन आला की ते म्हणत, बघतोय. आणि मनात काकूंवर थोडे रागवत. साऱ्या वसाहतीला जे शिकवलं, तेच नेमकं घरात कुणी ऐकू नये? कीबोर्डखाली चिठ्ठी! अडाण्यासारखं!

दरम्यान खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचा कॉम्प्युटर बिघडला. काका गेले, सगळं उपसलं, कीबोर्ड उलटा केला. सुताच्या धाग्यांबरोबर चिठ्ठी दिसली. नख कडेला लागलं आणि तिथेच थांबलं. काकांनी चिकटपट्टी अंगठ्याने पुन्हा दाबून बसवली.

"अगंबाई, आज फाडली नाहीत?" शिंपीणबाई म्हणाल्या. "मी तर बोलणी खायची तयारी करून बसले होते."

"राहू दे," काका म्हणाले. "घरात कुणाला तरी सांगून ठेवा, तिथे आहे म्हणून."

शेवटी लेक सुट्टी काढून आली. बॅग दारातच टाकून तिने विचारलं, "पेटीचं काय झालं?"

"बघतोय."

"बाबा, पुरे झालं 'बघतोय'. किती दिवस मी फोन हातात धरून बसायचं? मला आईचं बोलणं ऐकायचंय. आणि ती म्हणाली होती, वाक्य लिहून ठेवलंय. मी म्हटलं, कुठे ते मला सांगून ठेव. तर हसायला लागली. म्हणाली, तुला कशाला? अशा जागी ठेवलंय की बाबांच्या हाताला लागणारच. घरात दुसरीकडे कुठे बघणार नाहीत, पण तिथे बघितल्याशिवाय राहणार नाहीत."

काका खुर्चीत बसले. म्हणजे तिने ऐकलं नव्हतं असं नाही. तिला सगळं पाठ होतं. नवऱ्याचा हात कुठे जातो ते तिला बरोबर माहीत होतं, म्हणून तिने चिठ्ठी तिथेच ठेवली.

"लागली होती हाताला," ते म्हणाले. "तू गेलीस त्याच दिवशी. मी फाडली."

लेकीला क्षणभर कळलंच नाही. "फाडली म्हणजे? काय लिहिलं होतं?"

"वाचली नाही. मी वाचत नाही ना कुणाची."

ती ओरडेल असं काकांना वाटलं, पण ती अगदी हळू म्हणाली, "आईचीसुद्धा?"

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. सगळ्या गिऱ्हाइकांना देत तेच 'कुणाचीच नाही' हे उत्तर ओठावर आलं होतं, ते बाहेर पडेना. त्यांची बोटं मांडीवर चाळवली, आणि तो कागद फाडताना लागलेला जोर त्यांना बोटांतून आठवला.

"घडी घातलेली होती गं," ते म्हणाले. "चांगली जाड घडी होती. पासवर्डला एवढा कागद लागत नाही."

आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा त्यांना रडू आलं.